पिलावरली मरळ

मासा धरता न येणारा भोई म्हणून आमच्या गल्लीत माझी ओळख आहे, आणि ती मी स्वकष्टानं मिळवलेली आहे. कराड मागे टाकून कृष्णा सांगलीच्या दिशेनं निघते, त्या वाटेवरच्या एका उसाच्या गावात नदीला लागून आमची भोयांची गल्ली. इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी पोहता येतं आणि मिसरूड फुटायच्या आत जाळं टाकता येतं. मला पोहता येतं. नाव हाकायला दिली तर मी ती गोल फिरवतो. आणि जाळं टाकलं की ते माझ्याच अंगावर पडतं, इतकं व्यवस्थित की एकदा वडिलांना ते कापून मला बाहेर काढावं लागलं होतं. त्याच आठवड्यात घरात ठरलं, पोराला सांगलीला चित्रकलेच्या कोर्सला घालायचं.

या निर्णयाला गल्लीत एकट्या आप्पांनी हरकत घेतली. "चित्र काढायलाबी डोळं लागत्यात," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "ह्येला समोरचं दिसत न्हाई."

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. नात्यानं माझे आजोबाच, पण अख्खी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. नदीकडच्या टोकाला त्यांचं शेवटचं घर. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि दंडावर घड्याळ. मनगटावर नाही, कोपराच्या वर, दंडावर. मनगट दिवसभर पाण्यात असतं, तिथं घड्याळ बांधणारा येडा, असं त्यांचं म्हणणं. पाण्यापासून इतकं जपलेलं ते घड्याळ बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. तरी कुणी वेळ विचारली की आप्पा बाही वर सारून, मान वाकडी करून त्यात नीट बघायचे आणि मग बरोबर वेळ सांगायचे. ते कसं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा घड्याळच दाखवलं असतं.

बाजारात ते पाटी घेऊन बसायचे, पण त्यांच्याकडून मासे घेणं सोपं नव्हतं. "ताजं हाय का?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की संपलं. "न्हाई, शिळं हाय. फुडं जावा," असं म्हणून आप्पा पाटीवर फडकं टाकायचे. फडक्याखाली मासे उड्या मारत असायचे, गिऱ्हाईक ओशाळून उभं असायचं, पण आप्पांचा निकाल बदलत नसे. ज्याला बघून कळत नाही त्यानं खाऊ नये, हा त्यांचा नियम होता. फलटणहून कारखान्यात बदलून आलेले एक साहेब हे न कळल्यामुळे वर्षभर आप्पांकडचा मासा न खाता राहिले.

नदीत जायला त्यांच्याकडे नाव होती, ती ते वापरत नसत. ते काहिलीत बसून जायचे. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी काहील. एक जुनी त्यांनी कुठूनशी मिळवली होती आणि तिच्यात मधोमध मांडी घालून, हातात एक लांब बांबू घेऊन ते नदीवर हिंडायचे. काहील स्वतःभोवती गरगर फिरते. मी म्हणालो, "आप्पा, नाव सरळ जाते, हे काय?" तर म्हणाले, "सरळ जानाऱ्याला फुडचं तेवढं दिसतं. मला चारी अंगानं बघायचं आसतं." मी नाव गोल फिरवतो त्याला मात्र ते अडाणीपणा म्हणायचे.

माशांबद्दल ते सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. वाम म्हणजे जावई, हातात आला म्हणावं तर सुटलेला. कटला म्हणजे बदलून आलेला नोकरदार, सरकारनं आणून सोडला आणि हितलं खाऊन फुगला. मरळीचा विषय निघाला की मात्र थट्टा बंद व्हायची. "मरळ आपली," एवढंच म्हणायचे.

ते खरंच होतं. आमच्या गल्लीत बाई बाळंत झाली की तिला मरळीचं कालवण देतात. अंगात ताकद भरते, टाके लवकर सुकतात, दूध उतरतं. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाच्या पोटात आईच्या दुधातून पहिली गेली ती मरळ. आणि म्हणूनच एक नियम. जेठाच्या सुमाराला मरळीला पिलं होतात. शेंदरी रंगाची, तांदळाच्या दाण्याएवढी, शेकड्यांनी, आणि ती सगळी एका घोळक्यानं हिंडतात. खाली नर आणि मादी राखणीला असतात. या दिवसांतल्या मरळीला पिलावरली मरळ म्हणायचं, आणि तिला हात लावायचा नाही. जो लावेल त्याचा मान वर्षभर चुकतो, म्हणजे श्रावणात कृष्णामाईची ओटी भरायला नाव मधल्या धारेत जाते तेव्हा त्यानं नावेत पाय ठेवायचा नाही. काठावर, सगळ्यांच्या मागं बसायचं. नावेतून ओटी पाण्यात सोडायचा मान माझ्या आठवणीत कायम आप्पांचाच होता. त्या एका दिवशी ते धुतलेलं धोतर नेसायचे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे आणि आदल्या दिवसापासून कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्याकडे दुसरं काही मोठं नव्हतंच.

तर मी कोर्स संपवून गावात परत आलो. केस खांद्यापर्यंत वाढलेले, गळ्यात झोळी, आणि बोलण्यात 'अस्मिता' हा शब्द. आमच्या युवक मंडळाच्या पोरांना मी समाजमंदिरात बसवून सांगू लागलो की आपली कला, आपली मुळं, आपली ओळख. पोरं बिचारी ऐकायची, कारण समाजमंदिरात पंखा होता. त्यातच साताऱ्याच्या एका संस्थेनं कृष्णाकाठच्या गावांसाठी भित्तिचित्रांची स्पर्धा जाहीर केली. विषय, नदी आणि आपली परंपरा. मी लगेच ठरवलं, मरळ काढायची. घाटाशेजारच्या भिंतीवर, पंधरा फूट लांब. माझी चुलतबहीण राणी तेव्हा बी.ए. करत होती आणि रांगोळीत तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. तिला मी मदतनीस म्हणून घेतलं. हे वाक्य लिहितानासुद्धा मला आता लाज वाटते.

मोबाईलवर फोटो बघून मी कच्चं चित्र केलं. ऐटबाज मासा, कुशीवरून दिसणारा, एकेक खवला मोजून घ्यावा असा. डोळ्यात थोडा करुण भाव घातला. ते घेऊन आप्पांकडे गेलो, कौतुक ऐकायला. आप्पांनी कागद हातात न घेता जमिनीवर ठेवायला लावला. त्याच्याभोवती हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या.

"मेलीया," ते म्हणाले.

"काय?"

"ही मरळ मेलीया. आडवी पडलीया न्हवं का. जिती मरळ तुला कुशीवर कवा दिसली रं?"

"आवं आप्पा, मासा असाच काढतात."

"कोन काढतंय?"

"सगळेच."

"सगळ्यांनी पाटीतला बघितलाय. पान्यातला बघ जा."

मला राग आला. यांना चित्रातलं काय कळतंय, असं मनात म्हणत मी घरी आलो. पण बोच राहिलीच. कोर्सला आमचे एक सर म्हणायचे, प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून काढा. आप्पांनी सांगितलं होतं पाण्यात जाऊन बघ. मी त्याचा अर्थ काढला, पाण्यातून काढून समोर ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा गळ घेऊन निघालो. आमच्या घाटाच्या खालच्या अंगाला एक ओढा नदीला मिळतो, तिथं संथ पाण्याचा डोह आहे. गळाला बेडूक लावायचा असतो. मला बेडकाची किळस येते. म्हणून मी स्केचबुकातली खूण ठेवायची लाल फीत कापून गळाला बांधली. डोहाच्या कडेला पाण्यावर एक शेंदरी ठिपका हलत होता, परातीएवढा. पुढं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की तो काय आहे हे मला कळलंच नाही. ते खोटं आहे. लहानपणापासून ऐकलेलं आठवलं होतं. पण त्याच वेळी असंही वाटलं की मी काही खायला धरत नाही, मी कलेसाठी धरतोय, आणि काढून झाली की सोडूनच देणार आहे. शिकलेल्या माणसाला अशी कारणं पटकन सुचतात.

फीत ठिपक्यातून ओढली आणि पहिल्याच फटक्याला हाताला असा हिसका बसला की मी चिखलात बसलो. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी मरळ. आयुष्यात पहिला मासा, तोही मरळ, तोही बेडकाशिवाय. मी तिथं एकट्यानं हात वर करून नाचलो. मला वाटलं, अखेर रक्तातलं बाहेर आलं.

समाजमंदिराच्या मागं कुणी येत नाही. तिथं घमेल्यात पाणी भरून तिला ठेवलं. घमेल्यात ती मावेना, वाकडी होऊन बसली. वाकडी मरळ काय काढायची, म्हणून बाहेर उन्हात फळीवर घेतली, गळ तोंडात तसाच. पाणी शिंपडत शिंपडत काढत होतो. डोकं झालं, कल्ले झाले, पाठीवरची छाया फारच सुरेख जमत होती. शेपटापर्यंत आलो तेव्हा बऱ्याच वेळापासून ती हललेली नाही हे ध्यानात आलं. त्याच वेळी आप्पा कोपऱ्यावर येऊन उभे राहिले होते.

"कशावर आली?" त्यांनी एवढंच विचारलं.

मी अजूनही फुशारकीत होतो. "नुसत्या फितीवर, आप्पा! चाराबिरा काय न्हाई!"

आप्पा खाली बसले. त्यांनी मरळीच्या तोंडातून गळ सोडवला, फार सावकाश. "भुकेनं न्हाई आली ती," ते म्हणाले. "पिलातनं कायबी गेलं तरी ती चावती. येडा मानूसबी धरंल तिला आशा वक्ताला. म्हनूनच धरायची नसती."

"दुसरी आसंल की. नर-मादी दोन..."

"दुसरी मागल्या आठवड्यातच गेली. करंट लावून मासं मारनारं कोन आलं हुतं भायेरनं. ही येकटी ऱ्हायली हुती."

माझ्या हातातला कागद ओला झाला होता. मी रडत होतो म्हणावं तर घमेल्यातलं पाणीही पुष्कळ उडालं होतं. आप्पांनी मरळ दोन्ही हातांवर उचलली. म्हणाले, "ही खायाची न्हाई. काठावर पुरायची." आणि ती तशीच हातांवर घेऊन गल्लीतून निघाले. मी मागं मागं. नळावर बाया होत्या. माझ्या चुलतीनं तोंडावर पदर घेतला. "आवं आप्पा! पिलावरली हाय व्हय? कुनी धरली?"

"माज्या हातनं झालं," आप्पा म्हणाले आणि थांबले नाहीत.

काठावर खड्डा झाल्यावर मी म्हणालो, "आप्पा, असं कशापायी सांगितलंत?"

"तुला आजून चित्र काढायचं हाय न्हवं? बघनाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला पायजे आसं काढ. धरनाऱ्यानंच काढलंय म्हटल्यावर कोन बघंल त्येच्याकडं?" मग माती सारखी करत म्हणाले, "माजं काय, वरीसभर मागं बसायचं."

मी तेव्हाच गल्लीत जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी ठरवलं, स्पर्धा झाली की सांगू.

पुढचे दिवस आप्पांनी जे केलं ते बघायला शेजारच्या गल्लीतूनही माणसं यायची. त्यांनी काहील डोहात नेली आणि दोरानं बांधली. त्या शेंदरी ठिपक्याच्या अगदी जवळ. आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तिच्यात बसून राहिले. पिलांना दर थोड्या वेळानं श्वासाला वर यावं लागतं. सगळी एकदम येतात, तेव्हा तेवढ्या जागेचं पाणी उकळायला लागल्यासारखं दिसतं. आणि नेमक्या त्याच वेळी बगळा झेपावतो, खंड्या सूर मारतो, खालून मोठे मासे येतात. आप्पा बांबूनं पाण्यावर थापट्या मारायचे. बगळ्याला शिव्या द्यायचे, त्याही घराण्याचा उद्धार करून. "तुजा बा मला वळखत हुता!" असं एका ढोकरी बगळ्याला ओरडलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

दोन-तीन दिवसांत एक गंमत झाली. पिलं काहिलीच्या सावलीत येऊन राहायला लागली. हे शास्त्राला धरून आहे की नाही, मला माहीत नाही. काहील जरा सरकली की ठिपका मागनं सरकायचा. आप्पांनी ते बघितलं आणि दिवसभर ते हललेच नाहीत. भाकरीसुद्धा एका हातानं खाल्ली.

एवढ्या उन्हात म्हातारा माणूस दिवसभर कसा बसणार, म्हणून मंडळाच्या पोरांनी पाळ्या लावल्या. पोरांना वाटत होतं आपण आप्पांची चूक निस्तरायला हातभार लावतोय. मला सगळ्यांत जास्त पाळ्या मिळाल्या, कारण मी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. "केवढं प्रेम हाय पोराचं म्हाताऱ्यावर," असं माझी चुलती आईला म्हणाली. मी काहिलीत बसून ते ऐकलं आणि पाण्याकडे बघत राहिलो.

बघत राहण्यापलीकडे तिथं काही करताच येत नव्हतं. काहिलीच्या काठावर हनुवटी टेकवून खाली बघायचं. रोज सकाळी ठिपका आदल्या दिवसापेक्षा लहान झालेला असायचा. मी तो कागदावर काढायला लागलो, आधी मोजमाप म्हणून, मग सवय म्हणून. शेंदरी ठिपके, त्यांच्या खाली काळसर पाणी. एकदा पाळी बदलताना राणीनं कागद बघितले आणि म्हणाली, "दादा, ह्यात कुशीवरनं कायच न्हाई. सगळं वरनं हाय." मग म्हणाली, "आन् भिंतीवर वरनं कसं दिसनार? भुईवरच काढाय पायजे." ही गोष्ट आप्पांनी मला कागद जमिनीवर ठेवायला लावून दाखवली होती, आणि पाच मिनिटांत जी तिला समजली ती समजायला मला एक मरळ मारावी लागली होती.

घाटाचा वरचा फरसबंद चौथरा आम्ही धुऊन काढला. मरळीची पाठ मी काढली. नुसती पाठ, सापासारखं डोकं, अंधारात बुडत गेलेलं शेपूट. तिच्यावर पिलं राणीनं घातली. ती रांगोळीचे ठिपके घालते तशी बसली, मरळीच्या डोक्याकडून सुरुवात केली आणि मागं मागं सरकत गेली. एकाही ठिपक्यावर तिचा हात दोनदा गेला नाही. मंडळाच्या पोरांनी रंग कालवले. सगळं झाल्यावर आप्पा आले. हात मागं बांधून दोन फेऱ्या मारल्या. मग कडेला उकिडवे बसले आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही जरा लांब गेली. बगळा न्हेईल." राणीनं तो ठिपका पुसला आणि आत घेतला.

परीक्षक साताऱ्याहून आले. दोघे. एकाच्या हातात फॉर्म. घाटावर उतरले, चौथऱ्यावर आले, चहुबाजूला बघितलं आणि विचारलं, "चित्र कुठं आहे?"

"सर, तुम्ही तिच्या पाठीवर उभे आहात," मी म्हणालो.

दोघांनी एकदम उडी मारली, दोन बाजूंना. मला वाटलं जिंकलो. पण फॉर्मवर भिंतीची लांबी आणि उंची असे रकाने होते. लांबी पंधरा फूट झाली. उंचीपाशी ते अडले. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "शून्य." त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातले वयानं मोठे होते ते फार चांगुलपणानं म्हणाले की कल्पना उत्तम आहे, पण भित्तिचित्राला भिंत लागते. बक्षीस वरच्या अंगाच्या एका गावाला मिळालं. त्यांनी शाळेच्या भिंतीवर कृष्णेतून उडी मारणारा हसरा डॉल्फिन काढला होता.

आमच्या चित्राचा परिणाम मात्र एकदा मी डोळ्यांनी बघितला. गळ घेऊन आलेला कुणी परगावचा माणूस घाटावरून खाली निघाला होता. चौथऱ्याशी आला, खाली बघितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि कडेकडेनं गेला. मी धावत घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. तो पुढं बंधाऱ्यावर जाऊन गळ टाकून बसला हे मी सांगितलं नाही.

पिलांचा शेंदरी रंग हळूहळू उतरला, काळपट झाली, आणि एका दिवशी काहिलीखाली काही नव्हतं. मी घाबरलो. आप्पा म्हणाले, "मोठी झाली. गेली." किती जगली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी काहील सोडली आणि गरगर फिरत घराकडे गेले.

स्पर्धा संपली होती. श्रावण आला. आता माझ्याकडे गप्प राहायला एकही कारण नव्हतं, तरी ओटीच्या दिवसापर्यंत मी गप्प राहिलो. नदी चढून चौथऱ्याच्या वर आली होती, चित्र पाण्याखाली होतं. सगळी गल्ली वरच्या पायऱ्यांवर जमलेली. साडी, खण, नारळ, हळदीकुंकू सुपात मांडलेलं. आप्पा सगळ्यांच्या मागं, अगदी वर, शेवटच्या पायरीवर बसले होते. अंगात तोच अर्ध्या बाह्यांचा सदरा. राणीचे वडील, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "औंदा मान कुनाला द्यायचा ते ठरवू या." आणि सुपातला नारळ उगीच सरळ केला, कारण असं ठरवायची वेळ गल्लीवर कित्येक वर्षांत आली नव्हती.

मी उठलो. म्हणालो, "आप्पांचा मान चुकलेला न्हाई. मरळ मी धरली."

कुणीतरी फिसकन हसलं.

"तू?" चुलते म्हणाले. "आरं गड्या, तुज्या गळाला शेवाळाबिगर आजवर काय लागलंय का?"

"खरंच सांगतो! ओढ्याच्या डोहात! पैल्या फटक्यात आली!"

"आन् चारा कसला लावला हुतास?"

"फीत. स्केचबुकाची. लाल."

आता सगळा घाट हसायला लागला. म्हातारी माणसं डोळे पुसून हसत होती. मी जितकं खरं सांगत होतो तितकं ते हसत होते. फळी सांगितली, घमेलं सांगितलं, शेपटापर्यंत काढत आलो होतो तेही सांगितलं. हसणं ओसरल्यावर चुलते खाली उतरून आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "म्हाताऱ्यापायी सोताच्या अंगावर घ्याया निघाला," ते सगळ्यांना म्हणाले. "गुनाचं पोरगं हाय." आई पदरानं डोळे टिपत होती. माझ्या जन्मापासून तिला माझा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मी मागं बघितलं. आता तरी आप्पा बोलतील, असं वाटलं. आप्पा नदीकडे बघत होते.

नाव दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन मधल्या धारेत गेली. ओटी सोडली. माणसं पांगल्यावर मी शेवटच्या पायरीवर आप्पांच्या शेजारी जाऊन बसलो. "आप्पा, तुमी सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकतील."

"न्हाई ऐकायचं. माज्या तोंडनंबी खोटंच वाटंल." बाही वर सारून त्यांनी घड्याळात बघितलं, उगीचच. "इस्वास बसवायचा आसंल तर येकच वाट हाय. जेठात मरळ पुन्ना पिलावर येईल. सगळ्यांम्होरं धरून दाव." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धरतोस?"

"न्हाई."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले आणि गुडघ्यावर हात रेटून उठले.

माघात आप्पा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. मला तेव्हा कोरेगावच्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची नोकरी लागली होती. निरोप मिळाला, मी पोचलो, तोवर त्यांना काठावर नेलं होतं. मान परत मिळायला त्यांना श्रावणापर्यंत थांबायला हवं होतं. सहा महिने. त्यांच्या नावाला तो डाग राहिला तो राहिलाच, आणि तो माझा होता. हे मी दुसऱ्या कुठल्याही शब्दांत सांगू शकत नाही.

पुढच्या श्रावणात मी रजा काढून ओटीला आलो. पायऱ्यांवर सगळे जमले होते. चुलते उभे राहिले आणि म्हणाले की आप्पांच्या मागं हा मान कुणाला द्यायचा यावर गल्लीनं विचार केला आहे, सगळ्यांचं एकमत आहे. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. सूप माझ्यापुढं आणलं.

मी हात मागं घेतले. म्हणालो, "मला नको. माझी लायकी न्हाई. मी गेल्या साली सांगितलं ते खरं हुतं."

कुणी हसलं नाही. उलट घाटावर एक कुजबुज फिरली, आणि तिच्यात इतकी माया होती की मला तिथून पळून जावंसं वाटलं. सूप शेवटी राणीच्या हातात दिलं. गल्लीत पहिल्यांदा एक पोरगी ओटी सोडायला नावेत चढली, आणि तेही माझ्याच मोठ्या मनामुळं झालं, असं ठरलं. मी वर गेलो आणि सगळ्यांच्या मागं, शेवटच्या पायरीवर बसलो. शेजारी गल्लीतली एक म्हातारी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"येवढा मान चालून आला तर न्हाई म्हनला," ती म्हणाली. "आप्पावानीच हाईस बग."

मी मान खाली घातली. तिला तेही आवडलं.